पाच बांध, चार खाचरे

मित्रांनो, सध्या माझ्या डोक्यावर काहीही ठेवलेले नाही. यात सांगण्यासारखे काय, असे तुम्हाला वाटेल. पण मी एक जुना उभा पियानो आहे. माझ्या डोक्यावर आजवर कुंडी राहिली, टेबलफॅन राहिला, इस्त्रीला द्यायचे कपडे राहिले आणि काही काळ तर कापसाच्या गाद्यांची चळत राहिली. रिकाम्या डोक्याचे सुख काय असते ते मला विचारा.

मी पालेगावात, एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, दौलतरावांच्या हॉलमध्ये राहतो. मी जागचा हलत नाही. म्हणून या हॉलमध्ये जे घडले ते मी पाहिलेले आहे आणि बाहेर जे घडले ते ऐकलेले आहे. दोन्हींची सरमिसळ मी करणार नाही.

माझी बिडाची चौकट आणि तारा बोटीने मुंबईला आल्या. अंगाचे लाकूड मात्र इथलेच, सागवानी, कारण परदेशी लाकूड आपल्या दमट हवेत फुगते. एका वर्कशॉपमध्ये मला जोडले गेले. माझ्या पोटात प्रत्येक पट्टीमागे लाकडाचा एक छोटा हातोडा आहे. त्याच्या तोंडाला लोकरीचा जाड नमदा लावलेला असतो. पट्टी दाबली की हातोडा तारेवर आपटतो आणि लगेच मागे सरतो. मागे सरतो म्हणून तार बोलते. तो तिथेच रेलून बसला तर नुसता ठक्क आवाज होईल. मला जोडणारा सुतार हे शिकाऊ पोरांना पुन्हा पुन्हा सांगायचा. मीही ते ऐकून ठेवले.

माझी पहिली नोकरी अंबरनाथला, एका कारखान्याच्या ऑफिसर्स क्लबात झाली. शनिवारी संध्याकाळी माझे झाकण उघडले जाई. लोक कौतुक करत, पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढून घेत. पुढे क्लबात टीव्ही आला आणि माझे तोंड भिंतीकडे झाले. तिथून मला गुरुदत्त नावाच्या अधिकाऱ्यांनी आपल्या क्वार्टरमध्ये नेले. त्यांची मुलगी राजसी तेव्हा लहान होती. गुरुदत्तांच्या पत्नी पद्मजाबाई आधी स्वतः नोटेशन वाचायला शिकल्या आणि मग त्यांनी मुलीला शिकवले. माझे सगळ्यात गजबजलेले दिवस ते. विठ्ठलवाडीचे अवधूतराव दरवर्षी येऊन माझ्या तारा जुळवून जात.

राजसी मोठी झाली, नोकरीला पुण्याला गेली. माझे झाकण आठवड्यातून एकदा उघडू लागले, मग सणावारी, मग पुसण्यापुरते. गुरुदत्तांनी माझ्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली. तिच्या बुडाचा गोल पांढरा डाग माझ्या अंगावर अजून आहे. ते निवृत्त झाले तेव्हा बिऱ्हाड बदलापूरच्या लहान फ्लॅटमध्ये गेले. तिथल्या जिन्याच्या वळणातून मी वर जाईना. हमालांनी दोनदा प्रयत्न केला आणि हात टेकले. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या जुन्या फर्निचरच्या एका दुकानाचा टेम्पो आला. मला चढवताना पद्मजाबाईंनी घरातली चांगली चादर आणून माझ्यावर घातली. गुरुदत्त म्हणाले, "अगं, ती नवी आहे." त्या म्हणाल्या, "असू दे."

गाद्यांची चळत त्या दुकानातली. मी राग धरला नाही. गाद्या मऊ असतात आणि धूळ लागू देत नाहीत.

तिथे एक दिवस दौलतरावांचा मुलगा सुजित आला. पालेगावची त्यांची भातशेती इमारतीखाली गेली होती, त्या बदल्यात याच इमारतीत फ्लॅट मिळाला होता, आणि त्याला हॉलसाठी सोफा हवा होता. दुकानाच्या सिंधी शेठने सोफा दाखवता दाखवता माझ्यावरच्या गाद्या खाली ओढल्या.

"भाऊ, ये देखो. सागवान है, असली."

"शेठ, पण वाजवणार कोण?"

"बजाना जरूरी है क्या? हॉल में रखो, शान बढेगी. ऊपर टीव्ही रखो."

सुजितने सोफ्याबरोबर मलाही घेतले. घरी आल्यावर त्याने खरे कारण सांगितले. बाबांची पेटी बंद पडली होती, आणि पेटीच्याच पट्ट्या असलेली ही मोठी वस्तू पाहून त्याचा पाय निघेना.

पेटी का बंद पडली ते सांगतो. दौलतराव पालेगावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. तरुणपणापासून गावाचा सूर तेच धरत आले. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. पेटीला दोन्ही हात लागतात, उजवा पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. मंडळींनी तोड काढून पाहिली. पेटी उलटी फिरवली तर उजव्याला भाता ओढवेना. सुजितने भाता हलवून दिला, तर दोन ओळींतच दौलतराव थांबले. "दुसऱ्याच्या श्वासानं गाता येतं का?" असे म्हणून त्यांनी पेटीवर कापड टाकले.

पालेगावात दर एकादशीचे भजन एकेकाच्या घरी असते. पाळी ठरलेली असते आणि ती बापाकडून मुलाकडे येते. दौलतरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, माझ्या घरी माझ्या हाताशिवाय भजन होणार नाही. मंडळाने मान दिला, पाळी पुढच्या घरी नेली. पण पाळी पुन्हा चुकली की ती सुटते, असा गावाचा रिवाज. वेणूबाईंच्या, म्हणजे दौलतरावांच्या पत्नीच्या, जिवाला हा घोर लागला होता. सासऱ्यांपासून चालत आलेली पाळी आपल्या हयातीत सुटणार, हे त्या रोज कोणाला ना कोणाला बोलून दाखवत.

मी हॉलमध्ये आलो त्या दिवशी दौलतरावांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "हे कपाट कशाला आणलंस?" एवढेच म्हणाले. वेणूबाईंनी कपाट म्हणताच वर इस्त्रीचे कपडे ठेवले. मात्र एका दुपारी घरात कोणी नसताना ते आले. झाकण उघडले. डाव्या हाताच्या बोटाने एक पट्टी दाबली. मी बेसूर होतो, तरी बोललो. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, जणू भाता कोणी मारला ते शोधत होते. पुन्हा दाबली. मी पुन्हा बोललो.

"ह्याला भाता नाही," ते मोठ्याने म्हणाले. खोलीत मी एकटाच होतो.

सून किर्ती कॅम्प एकच्या एका बालवाडीत शिकवते. तिने चौकशी करून तारा जुळवणारा गाठला, आणि दारात उभे राहिले अवधूतराव. मला ओळखायला त्यांना माझा डाग पुरला. "हा तर पद्मजाबाईंचा," ते म्हणाले आणि पिशवी खाली ठेवायचे विसरून उभे राहिले.

दिवसभर खपून त्यांनी तारा जुळवल्या. दौलतराव शेजारी खुर्ची टाकून बसले होते. शेवटी त्यांनी एक पट्टी दाबली आणि मान हलवली.

"अवधूतराव, ही काळी एक नाही बोलत. सगळाच उतरलाय."

इथे थोडे समजावतो. पेटीवाले पट्ट्यांना रंगाने आणि आकड्याने ओळखतात. पांढरी एक, तिच्या शेजारी काळी एक, मग पांढरी दोन. पालेगावचे मंडळ काळी एकचा सा धरून गाते.

"कान चांगला आहे," अवधूतराव म्हणाले. "मुद्दाम अर्धा सूर खाली ठेवलाय. तारा जुन्या झाल्यात, दौलतराव. मूळ जागी ताणायला गेलो तर तुटतील. आपसांत जुळल्या म्हणजे झालं. कुठे जुळल्या ते कोण विचारतो?"

हे वाक्य मी लक्षात ठेवले. दौलतरावांनीही ठेवले, पण ते मला फार पुढे कळले.

अवधूतरावांनीच पद्मजाबाईंना फोन केला. त्या गुरुदत्तांच्या स्कूटरवर बसून बदलापूरहून आल्या. हॉलमध्ये शिरल्या आणि आधी माझ्यावरचे इस्त्रीचे कपडे उचलून त्यांनी वेणूबाईंच्या हातात दिले. वेणूबाईंनी ते आत नेले ते पुन्हा बाहेर आले नाहीत. मग पद्मजाबाईंनी माझ्या बाजूवरून एकदा हात फिरवला. गुरुदत्त माझा पांढरा डाग पाहून म्हणाले, "हा माझा वाटतं." त्या म्हणाल्या, "तुमचाच."

शिकवणी सुरू झाली. पद्मजाबाईंनी माझ्या पुढ्यात कागद लावला. त्यावर पाच आडव्या रेघा आणि त्यांच्या आतबाहेर काळे ठिपके.

"मॅडम, चाली मला पाठ असतात," दौलतराव म्हणाले. "कागद कशाला?"

"तुमची चाल उजव्या हातात होती. डाव्या हाताने तुम्ही आयुष्यात एक तरी सूर वाजवलाय का?"

दौलतरावांनी डाव्या हाताकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "नाही. त्यानं नुसता वारा घातला."

"म्हणून कागद. याला पहिलीत बसवायचंय."

पहिले धडे पाहणाऱ्याला हसू आले असते. दौलतराव स्टुलावर बसले की डावा हात आपोआप पट्ट्यांवरून उठे आणि हवेत भाता मारू लागे. किर्ती तोंडाला पदर लावी. "बाबा, वारा नको, सूर हवा." त्याहून मोठी अडचण दुसरी होती. कागदावरचा सी नावाचा सूर म्हणजे माझी पांढरी एक. पद्मजाबाईंनी सांगितले की सुरुवात इथून. सुरुवात म्हटली की दौलतरावांच्या लेखी तो सा, आणि सा म्हटला की बोट काळी एकवर. त्यात मी अर्धा सूर उतरलेला. कान एक सांगायचा, बोट दुसरीकडे जायचे आणि कागद तिसरेच म्हणायचा. सगळा धडा ते एका पट्टीने सरकवून वाजवत. सुरांतली अंतरे बिनचूक असत आणि एकही सूर कागदाबरहुकूम नसे.

"दौलतराव, कागदावर पांढरी आहे."

"माझा सा इथं असतो."

"तुमचा सा तुम्ही न्याल तिथे जातो. हा कागदावरचा सूर कोणासाठी हलत नाही. याचं घर पक्कं आहे."

"मग ह्याच्याशी गाणाऱ्यानं काय करायचं?"

"त्याच्या घरी जायचं."

दौलतरावांना ते पटले नाही. वेणूबाईंनी तर त्यांची बाजू घेऊन माझ्या डाव्या अंगाच्या काळी एकवर आपली एक लाल टिकली चिकटवून टाकली. "यांचा सा हरवायला नको," म्हणाल्या. पद्मजाबाईंनी टिकली पाहिली, काढली नाही.

रेघा डोक्यात शिरत नव्हत्या. ठिपका तिसऱ्या रेघेवर की चौथ्या, त्यांचा गोंधळ उडे. बोटाने मोजत बसत, तोवर ताल निघून जाई. एकदा चिडून ते उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि खाली बघत राहिले. तिथे पूर्वी त्यांची शेते होती, आता गाड्या लावायची जागा आहे. बऱ्याच वेळाने परत आले आणि कागदाकडे लांबून पाहिले.

"हे बांध आहेत," ते म्हणाले.

"काय?" पद्मजाबाईंनी विचारले.

"पाच बांध, मधे चार खाचरं. खाचर म्हणजे मॅडम, भात लावतो तो तुकडा. ठिपका एक तर बांधावर उभा आहे, नाही तर खाचरात उतरलाय. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग असं सांगायचं की!"

त्यांची खालची शेते खरोखर एकाला एक लागून होती आणि प्रत्येकाला नाव होते. सगळ्यात खालचे उंबराचे, मग विहिरीचे, मग देवाचे, मग रस्त्याचे. डाव्या हाताच्या त्या पाच रेघांत त्यांनी आपली चारही खाचरे मांडली. त्या दिवसापासून ते मोजेनासे झाले. माणूस आपल्या शेतात उभा असताना आपण कितव्या शेतात आहोत हे मोजत नाही. पद्मजाबाईंनी ठिपका दाखवावा आणि त्यांनी म्हणावे, "विहिरीचं," आणि बोट बरोबर पांढरी एकवर. एकदा तीन ठिपके एकावर एक आले.

"विहिरीचं, देवाचं, रस्त्याचं. तिन्ही एकदम?"

"एकदम. करंगळी, मधलं बोट, अंगठा."

त्यांनी दाबले. मित्रांनो, माझ्या तीन खणखणीत तारा एकाच वेळी बोलल्या आणि हॉलची खिडकी बारीकशी थरथरली. दौलतरावांनी सूर विरेपर्यंत बोटे धरून ठेवली. पुन्हा दाबले. स्वयंपाकघरातून वेणूबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिन्ही शेतं एकदम पिकली म्हणायची."

मी पुष्कळ हात पाहिले आहेत. सफाईदार हात पाहिले, अंगठ्या घातलेले पाहिले, परीक्षेच्या भीतीने घामेजलेले लहान हात पाहिले. साठी ओलांडल्यावर पहिलीत बसलेला हात मी पहिल्यांदाच पाहत होतो. स्वतःतला सूर बाहेर यायला कोणाला तरी माझी इतकी गरज असू शकते, हे मला त्यानेच दाखवले. मी त्या हाताचा ऋणी आहे.

मग पद्मजाबाईंनी एक काम केले. दौलतरावांनी स्वतः बांधलेली एक चाल होती, एकादशीला सगळ्यात शेवटी म्हणायची. ती त्यांच्याकडून गाऊन घेतली आणि कागदावर उतरवली, पांढरी एक धरून, कारण नवशिक्या हातांना तीच सोपी. वर उजव्या हाताची चाल, खाली डाव्या हाताचा आधार. उजव्या हातासाठी त्यांनी किर्तीला स्टुलाच्या उरलेल्या अर्ध्यावर बसवले.

"मी? मॅडम, मी नुसती कागद उलटायला बसायचे!"

"उलटता उलटता निम्मं वाचायला शिकलीस. बस."

दौलतरावांना हे जड गेले. चाल त्यांची, गावात ती त्यांच्या नावाने ओळखली जाई, आणि ती वाजवणार सून. त्यांच्या वाट्याला खालचे चार-सहा सूर. पहिल्या दिवशी ते तिच्या पुढे पळाले. दुसऱ्यांदा तिचा सूर चुकला तर थांबून रागावले.

"दौलतराव," पद्मजाबाई म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर पुढे चाललात. आता मागून चाला. ती अडखळली तर तुम्ही थांबायचं नाही, तिला धरायचं."

ते हळूहळू शिकले. किर्तीची चूक झाली की खालचा सूर थोडा लांबवून धरत, तोवर ती सावरून येई. बालवाडीतून दमून आली तरी ती आधी माझ्यापाशी येई. सुजित एकदा म्हणाला, "टीव्ही ठेवायला घेतला होता, आता टीव्ही लावायचीच बंदी झाली." तक्रार म्हणून म्हणाला, पण आवाज तक्रारीचा नव्हता.

पाळीचा निरोप आला. दौलतरावांनी सांगून पाठवले, या.

एकादशीला मंडळ लिफ्टने वर आले. माणसे माझ्याकडे पाहत सतरंजीवर बसली. पुढे हिराजी, मंडळाचे मुख्य गाणारे आणि दौलतरावांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांच्या बाजूला आकाश पखवाज घेऊन. मागे टाळकरी. पद्मजाबाई आणि गुरुदत्त दाराजवळ.

"काय रं दौलत," हिराजी म्हणाले, "ह्या कपाटातून देव निघनार का?"

"निघाला तर तुला दिसंल. तू चष्मा आनलास का?"

सगळे हसले. पहिली भजने माझ्याविना झाली. दौलतराव आजारी पडल्यापासून मंडळ मोबाइलवर तानपुरा लावून गात असे, गावाच्या काळी एकवर. मी ऐकत होतो. माझा कान फसत नाही, म्हणून सांगतो. चाल वर चढली की हिराजींचा आवाज चिरकत होता, आणि नेमके त्याच वेळी सगळ्यांचे टाळ जोरात वाजू लागत. ओळ खाली उतरली की टाळ पुन्हा हळू. हे कोणी ठरवलेले नव्हते. मंडळ म्हातारे झाले होते आणि कोणी तसे म्हणत नव्हते.

शेवटची चाल आली. दौलतराव आणि किर्ती स्टुलावर बसले. उजवा हात मांडीवर, डावा माझ्यावर. हिराजींनी तानपुऱ्याच्या सुरात आलाप घेतला, आणि दौलतरावांनी कागदाकडे पाहून विहिरीचे, देवाचे, रस्त्याचे एकदम दाबले.

माझा सूर आणि हिराजींचा सूर एकमेकांना लागले नाहीत. खडा लागावा तसे झाले. आलाप तुटला.

"सा चुकला तुजा," हिराजी म्हणाले. चेष्टा न करता म्हणाले, आणि तेच वाईट होते.

मोबाइल तेवढा घुमत राहिला. किर्तीने कागदाकडे पाहिले. तिला कागद वाचता येत होता, त्यावरचे सूर दुसऱ्या पट्टीवर सरकवता येत नव्हते. पद्मजाबाई दारातून एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. घरातल्या घरात जुळवताना गाव काळी एकवर गाते हे कोणाच्याच ध्यानात राहिले नव्हते.

दौलतरावांची करंगळी पांढरी एकवरून उठली आणि पांढरी दोनवर गेली. मी अर्धा उतरलेला असल्याने तिथून वाजवले की थेट गावाचा सूर लागला असता. सरकवून वाजवणे ही तर त्यांची जुनी खोड, जी पद्मजाबाईंनी मोडून काढली होती. आता तीच खोड त्यांना वाचवू शकत होती. एका हाताने, एकट्याने, त्यांनी मंडळाला पुन्हा सूर दिला असता. पाळी राहिली असती, मान राहिला असता. फक्त किर्तीने हात काढून घ्यायचा होता. तिने तो काढायला घेतलाही.

करंगळी पांढरी दोनवर टेकली होती. दाबली नाही.

"सूनबाई, हात ठेव," दौलतराव म्हणाले. करंगळी परत पांढरी एकवर आली. मग ते हिराजींकडे वळले. "हिराजी, तू खाली ये."

"खाली?"

"ही बोलते तिथं. दोन पट्ट्या."

"आरं, गावाचा सा काळी एक. तुज्या बापानं धरलेला. आन् तू उतरवतोस?"

"ह्याच्या तारा जुन्या आहेत. जुळवनारा म्हनला, मूळ जागी ताणल्या तर तुटतील." दौलतरावांनी टाळांकडे नजर टाकली. "आपल्या बी तारा जुन्याच, हिराजी. टाळ किती दिवस बडवायचे?"

कोणी कोणाकडे पाहिले नाही. हिराजींनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरला. शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून वेणूबाई बोलल्या, "उतरा की, भावजी. वर यायला लिफ्ट लागली तुम्हाला, खाली यायला काय जातंय?"

आधी आकाश हसला. मग टाळकरी. मग हिराजी, खोकला येईपर्यंत. त्यांनी वाकून मोबाइल बंद केला. आकाशने हातोडी काढून पखवाजाची पुडी सैल करायला घेतली, माझ्याकडून सूर मागून मागून.

"वाजव," हिराजी म्हणाले.

किर्तीने चाल सुरू केली. ती दोनदा अडखळली, दोन्ही वेळा खालचा हात थांबला नाही. आवाज आधी बिचकत आले, अनोळखी घरात माणूस जपून पाय टाकतो तसे. मग चाल वर चढू लागली. सवयीने टाळ जोरात व्हायला लागले, आणि हिराजींनी डावा हात वर करून ते थोपवले. उघड्यावर, आधाराशिवाय, तो वरचा सूर त्यांनी लावला. अख्खा लागला. न चिरकता, न थरथरता. त्यांनी डोळे उघडले आणि तीच ओळ पुन्हा म्हटली. खात्री करायला म्हटली असेल. मग तिसऱ्यांदा म्हटली, ती मात्र खात्रीसाठी नव्हती.

भजन संपल्यावर हिराजी उठून माझ्यापाशी आले. माझ्या अंगावरून त्यांनी हात फिरवला, डागावरूनसुद्धा. "लय वर्सांनी पोचलो तिथं," दौलतरावांना म्हणाले. दौलतरावांनी डाव्या हाताने त्यांचा खांदा धरला. पाळीचे कोणी विचारले नाही. विचारायचे काही उरले नव्हते.

सगळे गेल्यावर वेणूबाई आल्या. काळी एकवरची लाल टिकली त्यांनी नखाने अलगद काढली आणि शेजारच्या पांढरी एकवर लावली. अंगठ्याने दाबून नीट बसवली. मी अगदी हळू बोललो.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी एखादे जुने वाद्य असेल. त्याच्यावर कुंडी ठेवू नका. वर्षातून एकदा जुळवणाऱ्याला बोलवा आणि त्याला सांगा, हे जिथे बोलू शकते तिथेच ठेवा, उगाच ताणू नका. मग त्याच्याजवळ बसा, आणि शक्य असेल तर अर्ध्या स्टुलावर बसा. उरलेल्या अर्ध्यावर कोणीतरी येतेच.

पुढच्या एकादशीचे भजन आकाशच्या घरी आहे. मी तिथे जाऊ शकत नाही. पण काल हिराजी मुद्दाम वर आले होते. त्यांनी मोबाइल पुढे धरला, दौलतरावांना माझी टिकलीवाली पट्टी दाबायला लावली आणि गावाच्या तानपुऱ्याचा सूर माझ्या सुरावर आणून ठेवला.